बरोक : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाचताना 'बरोक' हे विशेषण अगदी वेगवेगळ्या ठिकाणी भेटतं. कलेच्या पुस्तकात ते रोममधल्या चर्चला लागतं, दागिन्यांच्या दुकानात मोत्याला आणि वर्तमानपत्रात एखाद्या करपद्धतीला. चर्चच्या बाबतीत ते कौतुक असतं, करपद्धतीच्या बाबतीत वैताग. त्यामुळे अनुवाद करणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि जुनं गोवं फिरून आलेले असे तिघेही या शब्दापाशी अडखळतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

बरोक म्हणजे काय, एका वाक्यात सांगता येईल का?

सजावट, वळणं किंवा गुंतागुंत इतकी की तिच्यामुळे वस्तूचा मूळ आकारच बदलून जावा, असं काहीही म्हणजे बरोक. 'नक्षीदार' या एका शब्दावर भागत नाही. का, ते पुढे येईलच.

उच्चार कसा करायचा?

ब्रिटिश लोक 'बरॉक' म्हणतात, अमेरिकन 'बरोक'. दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर. स्पेलिंगच्या शेवटी 'क्यू-यू-ई' असलं तरी ते 'क्यू' म्हणायचं नसतं. मराठीत 'बरोक' हेच लेखन रुळलं आहे, इथेही तेच ठेवलं आहे. माजी अमेरिकी अध्यक्ष बराक ओबामांच्या नावाशी याचा काडीचाही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण प्रश्न खरोखर येतो.

शब्द आला कुठून? मोत्याचा आणि चर्चचा संबंध काय?

सर्वांत मान्य समजूत अशी की हा पोर्तुगीज 'बारोको'. अर्थ : वेडावाकडा, गोल नसलेला मोती. सोळाव्या शतकात मोत्यांचा मोठा व्यापार पोर्तुगीजांच्या हातात होता. होर्मुझ आणि मन्नारचं आखात ही मोत्यांची ठिकाणं त्यांच्या वाटेवरची. सगळे मोती गोल निघत नाहीत. शिंपल्यात ते स्नायूजवळ अडकले की एका बाजूने फुगतात, दुसरीकडून चेपतात, कधी दोन मोती एकमेकांना चिकटून वाढतात. व्यापाऱ्याला अशा मालासाठी वेगळं नाव लागायचंच, कारण त्याचा भाव वेगळा.

गंमत म्हणजे या शब्दाच्या जुन्या छापील नोंदींपैकी एक आपल्या गोव्यातली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात मोत्यांचा विषय येतो तेव्हा नीट न घडलेल्या, गोल नसलेल्या मोत्यांना तो हाच शब्द वापरतो. योगायोग असा की तो ग्रंथही सवाल-जवाबाच्याच रूपात आहे.

दुसरीही एक व्युत्पत्ती सांगतात. मध्ययुगीन तर्कशास्त्रात अनुमानाच्या एका प्रकाराचं पाठांतरासाठी ठेवलेलं नाव 'बारोको' होतं. पुढच्या काळातल्या विद्वानांनी असल्या किचकट तर्कटाची टर उडवली आणि शब्दाला 'विनाकारण अवघड' असा वास चिकटला. अभ्यासकांचं मन मोत्याकडे जास्त झुकतं. पण आज इंग्रजीत एखाद्या युक्तिवादाला बरोक म्हणतात, तेव्हा त्या दुसऱ्या अर्थाचाही थोडा अंश त्यात असावा असं मला वाटतं.

म्हणजे मुळात हा शब्द शिवीच होता?

शिवी नाही, पण नाक मुरडणं नक्कीच होतं. आणि ज्या कलेला आपण आज बरोक म्हणतो, त्या कलाकारांनी स्वतःला कधीच असं म्हणवून घेतलं नव्हतं. सतराव्या शतकात रोममध्ये बर्निनी काम करत होता तेव्हा त्याच्या लेखी तो काही 'बरोक शिल्पकार' नव्हता.

फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशात हा शब्द फक्त मोत्यांपुरता आहे : ज्यांची गोलाई फारच अपुरी आहे असे मोती. १७४० च्या आवृत्तीत लाक्षणिक अर्थ आला : अनियमित, विचित्र, ओबडधोबड. त्याच्या थोडं आधी, १७३४ साली, रामो या संगीतकाराच्या नव्या ऑपेरावर पॅरिसच्या एका नियतकालिकात टीका झाली आणि त्या संगीताला हाच शब्द चिकटवला गेला. पुढे १७६८ मध्ये तत्त्वज्ञ रूसोने संगीतकोशात लिहिलं की ज्या संगीतात स्वरसंवाद गोंधळलेला असतो आणि विसंवादांची गर्दी असते ते बरोक. तेव्हा कलेच्या बाबतीत हा शब्द पहिल्यांदा टीकाकारांच्याच तोंडी रुळला.

पारडं फिरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. १८८८ साली हाइनरिश व्योल्फलिन या स्विस कलेतिहासकाराने बरोककडे बिघडलेलं रेनेसाँ, म्हणजे आधीच्या प्रबोधनकाळाची बिघडलेली शैली, म्हणून न पाहता स्वतंत्र शैली म्हणून पाहिलं. तेव्हापासून तो एका कालखंडाचं प्रतिष्ठित नाव झाला. तरी सगळ्यांनी ते मान्य केलं असं नाही. इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे विसाव्या शतकातही बरोकला कलेतल्या कुरूपतेचाच एक प्रकार मानत राहिला.

हे सगळं इतकं लांबवून सांगायचं कारण, आजच्या इंग्रजी वापरात हे दोन्ही थर एकत्र नांदतात. जुना तुच्छतेचा थर पुसला गेलेला नाही.

ऑर्नेट आणि बरोक एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

'ऑर्नेट' म्हणजे सजवलेलं. लाकडी कपाटावर वेलबुट्टी कोरली, कपाट ऑर्नेट झालं. वेलबुट्टी घासून काढा, कपाट कपाटच राहतं. बरोकमध्ये तशी सोय नाही. तिथे सजावट वेगळी काढता येत नाही, कारण घडणच वळलेली असते.

रोममध्ये सान कार्लो नावाचं एक छोटंसं चर्च आहे, चार कारंज्यांच्या चौकात. बोरोमिनी या वास्तुविशारदाने बांधलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीचं काम १६६५ च्या सुमारास सुरू झालं आणि १६६७ साली तो वारला तेव्हाही ते अपुरंच होतं. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की खालचा मजला आधी आत जातो, मधे पोट काढल्यासारखा बाहेर येतो आणि पुन्हा आत वळतो. दगडी भिंत आहे, पण सरळ उभी राहायलाच तयार नाही. आत गेलात तर घुमटही गोल नाही, लंबगोल आहे. नुसती सजावट मोजली तर याहून जास्त नक्षी असलेल्या शेकडो इमारती सापडतील. तरीही बरोकचं उदाहरण म्हणून बोट याच्याकडेच दाखवलं जातं.

दुसरं उदाहरण व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधलं. मुख्य वेदीवर बर्निनीने १६२४ ते १६३३ या काळात कांस्याची मेघडंबरी उभारली. उंची सुमारे २९ मीटर. तिचे चारही खांब पिळलेले आहेत, ओला कपडा पिळावा तसे. खांबाचं काम भार तोलायचं, पण हे खांब पाहताना आधी नजर वर चढते, भार नंतर आठवतो.

म्हणून इंग्रजीत लिहिताना स्वतःला विचारायचं : ही सजावट वरून लावलेली आहे की आकारच वाकलाय? वरून लावलेली असेल तर ऑर्नेट पुरे.

मग रोकोको, फ्लोरिड, गॉडी, बायझंटाइन हे शब्द कुठे बसतात?

रोकोको हा बरोकचा धाकटा, हलकाफुलका भाऊ. फ्रान्समध्ये १७३० च्या सुमारास बहरला. शिंपल्यांचे आकार, फिके रंग, दिवाणखान्यातला नखरा. बरोक चर्चला आणि राजाला शोभतं, रोकोको बैठकीच्या खोलीला.

फ्लोरिड मुळात फुलांवरून आलेला. लिखाण फुलून आलं की फ्लोरिड, चेहरा लालबुंद झाला तरी फ्लोरिड. आपल्याकडच्या मानपत्रांची भाषा याच जातीची.

गॉडी म्हणजे सरळ भडक. यात कौतुकाला जागाच नाही.

फ्लॅम्बॉयंट हा ज्वाळेवरून आलेला. उत्तरकालीन फ्रेंच गॉथिक खिडक्यांतल्या ज्वाळेसारख्या नक्षीला तो लावत, आता माणसांना लावतात. बॉम्बॅस्टिकचा बॉम्बशी संबंध नाही. कपडे फुगवायला आत भरायचा कापूस म्हणजे बॉम्बॅस्ट. फुगवलेलं भाषण, पोकळ.

बायझंटाइन जवळचा आहे, पण सजावटीशी त्याला देणंघेणं कमी. कारस्थानं, पायऱ्यापायऱ्यांची नोकरशाही, कोण कोणाला उत्तरदायी ते कळेनासं होणं, अशासाठी तो. नियमावली नुसती गुंतागुंतीची असेल तर बायझंटाइन. गुंतागुंत करणाऱ्याने त्यात हौस भागवून घेतलीय असं वाटत असेल तर बरोक.

बरोक म्हटलं की कौतुक समजायचं की टोमणा?

पुढे कोणतं नाम येतं ते बघा. चर्च, वेदी, कारंजं, राजवाडा, संगीत, मोती यांच्या आधी आला तर निदान टोमणा नाही, बहुधा वर्णन आहे. करप्रणाली, नियम, प्रक्रिया, युक्तिवाद, सबब, कट यांच्या आधी आला तर टोमणा आहे, शंका नको.

मधला प्रांत अवघड : गद्य, कथानक, कल्पनाशक्ती. परीक्षणात 'बरोक प्रोझ' असं लिहिलं असेल तर पुढचं वाक्य वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. काही समीक्षक दाद म्हणून लिहितात, काही दमले म्हणून.

ब्रिटिश अभ्यासक मेरी काल्डोर यांनी १९८१ साली शस्त्रास्त्रांनाच हे विशेषण लावलं. महाग, अधिकाधिक किचकट आणि त्या मानाने कमी उपयोगी होत चाललेली आधुनिक शस्त्रं. तिथे बरोक म्हणजे चक्क आरोप होता.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर १९६१ चा जुना प्राप्तिकर कायदा. कलम, त्याला परंतुक, परंतुकाला आणखी परंतुक, मग स्पष्टीकरण आणि स्पष्टीकरणामुळे पडलेला नवा प्रश्न. त्याला बरोक म्हटलं तर एकही कर सल्लागार वाद घालणार नाही.

गोव्यातली चर्च बरोक आहेत का? ओळखायचं कसं?

सगळी नाहीत, आणि एकाच इमारतीतही सगळं बरोक नसतं. जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका घ्या. बांधकाम १५९४ मध्ये सुरू, १६०५ मध्ये ती ईश्वरार्पण झाली. बाहेरून आज ती गिलावा नसलेली, तांबूस जांभ्याची भिंत दिसते. पुष्कळसे पर्यटक बाहेर फोटो काढताना 'एवढं साधं?' म्हणतात ते त्यामुळे. आतलं दालनही मोठं आणि बऱ्यापैकी मोकळं आहे. पण समोर मुख्य वेदी येते आणि चित्र पालटतं : लाकडात कोरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली, जवळजवळ छतापर्यंत चढलेली भिंत. बाजूला पिळाचे खांब. खाली बाळ येशू, त्याच्यावर जेझुइट पंथाचा संस्थापक संत इग्नेशियस याची भलीमोठी मूर्ती, आणि त्याची नजर वर, किरणांनी वेढलेल्या चकतीकडे. बघणाऱ्याची मानही आपोआप त्या दिशेने वर जाते. हे 'आपोआप' घडवून आणणं हीच बरोकची करामत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, कॅथलिक चर्चला प्रॉटेस्टंटांच्या साधेपणाला उत्तर द्यायचं होतं. भाविकाला समजावण्यापेक्षा भारावून टाकायचं, हा मार्ग निवडला गेला.

त्याच बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचा. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने भेट दिलेला, १६९८ मध्ये गोव्यात बसवलेला. अस्सल इटालियन बरोक बघायला रोमलाच जायला हवं असं नाही. जवळच सेंट कॅजेटन चर्च आहे, इटालियन धर्मगुरूंनी सेंट पीटर्सच्या धर्तीवर सतराव्या शतकात बांधलेलं.

खुणा पाहायच्या असतील तर पिळाचे खांब, लाटेसारख्या वळलेल्या कडा, तुटक कमानी, सोनं आणि अंधार यांचा खेळ, आणि एका बिंदूकडे खेचणारी रचना. यातलं निदान दोन-तीन एकत्र दिसलं तर म्हणावं. नुसता सोनेरी रंग पाहून नको.

मंगेशी किंवा कवळ्याच्या देवळाला बरोक म्हणता येईल?

थेट नको. पण कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं, आणि मंगेशीप्रमाणेच त्यातही युरोपीय अवयव दिसतात : घुमट, कमानीच्या खिडक्या, कठड्यांचे नक्षीदार खांब, झुंबरं. तीच हत्यारं आणि बहुधा त्याच परंपरेतले कारागीर. 'बरोकची छाया असलेलं' असं म्हणणं रास्त.

आणि वेरूळ, हळेबीड?

हा प्रश्न वादाचा. होयसळांची देवळं बाराव्या शतकातली, वेरूळचं कैलास आठव्या. कालखंड म्हणून बरोक हे नाव त्यांना लागूच होत नाही. शैलीचं नाव म्हणून नव्हे, तर लहान 'बी'ने लिहायचं साधं विशेषण म्हणून इंग्रजीत लिहिणारे लिहितात. माझं मत : टाळावं. हळेबीडच्या भिंतीवरच्या हत्तींच्या रांगेला युरोपच्या मोत्याचं नाव कशाला, जेव्हा त्या परंपरेत स्वतःचे शब्द आहेत?

बरोक संगीत म्हणजे सजवलेलं संगीत का?

साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत. जर्मन संगीतकार बाख १७५० मध्ये वारला, तीच सोयीची सीमा. विवाल्डी, हेंडेल याच काळातले. मुख्य सुराभोवती छोट्या सुरांची वेलांटी घेणं त्यात भरपूर आहे. पण या संगीतात खरी गुंतागुंत एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र सुरावटींची. इथे बरोक म्हटल्याने कोणाचाही अपमान होत नाही. संगीतात तो आता निव्वळ कालवाचक शब्द आहे.

काळाचा अंदाज यावा म्हणून : बर्निनी आणि शिवाजी महाराज यांचं निधन एकाच वर्षी, १६८० साली झालं.

मराठीत प्रतिशब्द कोणता?

एक नाही, आणि एक शोधू नये. नामाप्रमाणे बदला.

इमारत किंवा शिल्प असेल तर 'बरोक' असंच ठेवा, ते शैलीचं नाव आहे. गद्याला दाद म्हणून असेल तर 'पल्लेदार' किंवा 'भरजरी', तक्रार म्हणून असेल तर 'शब्दबंबाळ'. नियम आणि प्रक्रियेला 'किचकट' पुरतो, त्यात उपरोध हवा असेल तर 'अवडंबर माजलेली'. सबबीला किंवा युक्तिवादाला 'ओढूनताणून रचलेला'. समारंभाला 'भपकेबाज'. मोत्याला 'वेडावाकडा', आणि सराफाला कळावं म्हणून जोडीला 'बरोक'.

'अलंकृत' मात्र सांभाळून. कोशात पहिला तोच सापडतो, म्हणून अनुवादात तो सगळीकडे पेरलेला दिसतो. 'अलंकृत करप्रणाली' असं मी छापून आलेलं वाचलं आहे. वाचकाला वाटावं, कराच्या पावतीवर वेलबुट्टी आहे.

मोरोपंतांना बरोक कवी म्हणता येईल?

इंग्रजी वाचकाला पंडित कवींची ओळख करून देताना हा शब्द उपयोगी पडतो, हे कबूल. वामन पंडितांना 'यमक्या वामन' म्हणत. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली, त्यातलं एक निरोष्ठ : प, फ, ब, भ, म असं एकही ओठांनी उच्चारायचं अक्षर न घेता आख्खी रामकथा. म्हणजे 'राम' हे नावही घ्यायची सोय नाही. इथे बंधन बाहेरून चिकटवलेलं नाही. त्यानेच कथेची वाट वळवली आहे, राघव, रघुनाथ करत. वर सान कार्लोबद्दल जे म्हटलं ते इथे लागू पडतं. पण मराठी वाचकासाठी लिहिताना याची गरज नाही, 'पंडिती' म्हटलं की आपल्याला सगळं समजतं.

सॉफ्टवेअरवाले कोडला बरोक म्हणतात, ते काय?

प्रोग्रामरांच्या बोलीत ही जुनी शिवी आहे. एकावर एक सोयी चढवत नेलेलं, अति होण्याच्या काठावर आलेलं सॉफ्टवेअर. त्याच बोलीत रोकोको ही पुढची पायरी : वरच्या मुलाम्याखाली मूळ रचना पार बुडालेली. कलेच्या इतिहासातला क्रम त्यांनी बरोबर उचलला आहे.

बरोक मोती विकत घ्यावेत का?

आवडत असतील तर जरूर. आज बाजारात मिळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यांपैकी बरेचसे वेडेवाकडेच असतात, आणि गोल मोत्यांपेक्षा सहसा स्वस्त पडतात. खोट काढून टाकायची नसते, वापरायची असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लॉर्ड कॅनिंगच्या नावाने ओळखला जाणारा दागिना आहे. त्यातल्या मत्स्यपुरुषाचं धड म्हणजे एकच मोठा बेढब मोती. गोल मोती असता तर कारागिराला तो माणूस दिसलाच नसता.

परीक्षेच्या निबंधात वापरू का?

मुंबई किंवा पुण्याच्या वाहतुकीला बरोक म्हणू नका. वाहतूक गोंधळलेली असते, कोणी ती हौसेने रचलेली नसते. नियम, भाषा, इमारत किंवा युक्तिवाद असेल तर एकदा वापरा. दुसऱ्यांदा आला की परीक्षकाला शब्द दिसतो, मुद्दा नाही.

पहिलं अक्षर मोठं की लहान?

कालखंड किंवा शैली असेल तर बहुतेक प्रकाशक मोठा 'बी' लिहितात. 'किचकट' किंवा 'अतिसजवलेलं' या अर्थाने असेल तर लहान. 'मोअर बरोक', 'मोस्ट बरोक' चालतं, पण फक्त लहान 'बी'च्या अर्थाने.